मौनाचा तास

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी आत सारली आणि शेजारच्या पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. तो बघायची मला अजिबात हौस नव्हती. दोन पांढुरक्या पट्ट्या आणि त्यांच्या कडांवर एकमेकींना घासणाऱ्या दोन गाठी.

"घट्टे पडलेत," डॉक्टर म्हणाले. "कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला पडतात ना, तसेच. काय करता तुम्ही? गाता का?"

'शिकवते' म्हणायला मी तोंड उघडलं, तर आतून बिजागरी करकरल्यासारखं काहीतरी बाहेर आलं.

"अच्छा, शिक्षिका. वर्गात ओरडता?"

आठवीचा वर्ग, विषय गणित, तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, आणि हा गृहस्थ मला विचारतो, ओरडता का. ज्याच्या खोलीत एका वेळी एकच माणूस येतो आणि तोही मुकाट 'आ' करून बसतो, त्याला असले प्रश्न सुचतात.

"पूर्ण मौन," ते म्हणाले. "कुजबुजसुद्धा नको, ती तर जास्त वाईट. गाठी विरल्या तर उत्तम. नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा होईलच, अशी हमी मी देत नाही. शिकवायचं सोडावंही लागेल कदाचित."

हे शेवटचं वाक्य त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हटलं, वर न बघता. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला. मला दुसरं काही येत नाही. माझ्या जिभेला हाड नाही यावर सासर आणि माहेर दोन्हीकडचं एकमत आहे, आणि त्या दोघांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. या जिभेवर मी आयुष्य काढलं. कोणत्या पोराला कोणत्या टोमण्याने जागेवर बसवायचं हे मला वर्गात पाऊल टाकताच कळतं. एकाला मी 'झोपाळू महाराज' म्हणते, एकीला 'वर्तमानपत्र'. खिडकीशी बसते ती 'गोगलगाय', कारण तिचं उदाहरण सुटेपर्यंत बाकीच्यांची दप्तरं भरून झालेली असतात. पोरं हसतात, वर्ग ताब्यात राहतो. आता तो आवाजच गेला तर मी फळ्यासमोर उभी राहून करणार काय?

रजेचा अर्ज घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी वर्गात शिकवणं सोडलं त्याला इतकी वर्षं झालीत, की आता शिकवण्याबद्दल त्यांची मतं फारच सुंदर झाली आहेत.

"अगं बाई, गाठी?" त्यांनी गालाला हात लावला. "जपा हो, तब्येत आधी. शाळा काय, चालतच असते." मग अर्ज दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. "पण रजा कशी देऊ सांगा? परीक्षा तोंडावर आलीये. बदलीला माणूस नाही. तुम्ही असं करा, वर्गात नुसत्या बसा. बोलू नका ना, कोण म्हणतंय बोला? तुमचा धाकच पुरेसा आहे."

मला जे उत्तर सुचलं ते छापण्यासारखं नाही. पण ते द्यायला आवाज नव्हता. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, हे मला त्या खुर्चीत कळलं.

त्याच सुमारास आमच्या शाळेत सुखाचे सर येऊ लागले होते. त्यांचं खरं पद लांबलचक होतं. शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याचे कसले तरी मार्गदर्शक. महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला दिवसभर कोंडून ठेवत आणि विश्रांतीचं महत्त्व पटवून देत. "तुमच्या आत एक झरा आहे," ते डोळे मिटून म्हणत. आमच्यातल्या निम्म्यांच्या आत तेव्हा तपासायच्या वह्यांचा ढीग असे. त्यांनी कधी एक तास घेतलेला कोणी पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. यांचं तर पायीच चालायचं.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी एक फलक लावला होता. त्यावर प्रत्येकाचा फोटो आणि खाली रंगीत चिमट्यांची डबी. सकाळी आल्यावर आपल्या मनाच्या रंगाचा चिमटा आपल्या फोटोला लावायचा: आनंदी तर हिरवा, बरा तर पिवळा, त्रासात तर लाल. पहिल्या दिवशी तीन-चार जणांनी भाबडेपणाने लाल लावला. त्यांना मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत एकेक करून बोलावलं आणि सुट्टी संपेपर्यंत समजावलं, की त्रास हा दृष्टिकोनात असतो. दुसऱ्या दिवसापासून भिंत हिरवीगार. हिरवे चिमटे कमी पडायला लागले तेव्हा भाषेच्या सरांनी पदरमोड करून नवे आणले. मोठ्या बाईंनी त्या भिंतीचा फोटो काढून संस्थेला पाठवला.

अर्ज परत आला त्या दिवशी मी लाल चिमटा लावला. ठरल्याप्रमाणे बोलावणं आलं. बोलू न शकणाऱ्या बाईशी मोठ्या बाईंनी मोकळा संवाद साधला. तो बराच वेळ चालला आणि शेवटी त्या म्हणाल्या, "बघा, बोलल्यावर कसं हलकं वाटतं."

घरी तऱ्हा वेगळीच. नवऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि जपून घडी घातली.

"डॉक्टर हुशार दिसतोय," तो म्हणाला. "याचा पत्ता मला आधी का नाही मिळाला?"

मी उशी फेकली. त्याने ती झेलली आणि डोक्याखाली घेऊन आडवा झाला. त्या दिवसांत तो मला खूप काही सांगायला लागला. त्याच्या कचेरीतलं राजकारण, त्याच्या गुडघ्याचं दुखणं, लहानपणी मेलेला त्याचा कुत्रा. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याच्याकडे कुत्रा होता हेच मला माहीत नव्हतं. मी खुणेने विचारलं, आधी का नाही सांगितलंस? "तू श्वास घ्यायला थांबलीस तर सांगणार ना," तो म्हणाला, आणि कूस वळवून झोपला.

वर्गात मात्र आठवडाभर धिंगाणा होता. बाईंचा आवाज बसलाय ही बातमी पोरांनी सण असल्यासारखी साजरी केली. मी फळ्यावर लिहायची, डस्टर आपटायची, डोळे वटारायची. पण नुसत्या डोळ्यांना कोण भीक घालतो? मधल्या बाकावरून माझ्याच आवाजाची नक्कल ऐकू यायची, आणि वाईट म्हणजे ती हुबेहूब असायची. तास संपला की मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडायची. रडतानाही आवाज करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आणि मग एके दिवशी मी चुकले. गोंगाटाने डोकं भणभणलं होतं. बारा उणे, कंसात क्ष उणे तीन, असं उदाहरण फळ्यावर घेतलं होतं. कंसाबाहेर उणे असलं की कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात, हे मी झोपेतही सांगेन. पण खालच्या ओळीत मी बारा उणे क्ष उणे तीन असंच लिहून मोकळी झाले. पुढे उत्तर काढलं, त्याखाली रेघ मारली आणि वळले.

गोंगाट थांबला होता. सगळे फळ्याकडे बघत होते.

"बाई, चुकलंय," कोणीतरी म्हणालं.

एरवी अशा वेळी माझं उत्तर तयार असे: "हो का? मग उद्यापासून तुम्हीच या शिकवायला, मी तुमच्या जागी बसते." पोरगं कानकोंडं होऊन खाली बसे आणि मी चूक पुसताना ती मुद्दाम केली होती असं भासवत असे. आता तोंड बंद. काय करावं ते न सुचून मी हातातला खडू पुढे धरला.

खिडकीशेजारून गोगलगाय उठली. बाकांमधून फळ्यापर्यंत येताना तिने इतका वेळ लावला की मला दोनदा घड्याळ बघावंसं वाटलं. तिने खडू घेतला, उण्याचं अधिक केलं, आणि मग हळूच म्हणाली, "कारण बाहेरचा उणे आतल्या दोघांवर बसतो. एकावर बसला आणि दुसऱ्याला सोडलं, असं चालत नाही."

"पण का चालत नाही?" झोपाळू महाराजांनी विचारलं. तो जागा होता.

यावर जे भांडण पेटलं ते घंटा होईपर्यंत विझलं नाही. वर्तमानपत्राने डबे उसने घेण्या-देण्याचं उदाहरण रचलं, ते कोणीतरी मोडून काढलं, गोगलगायीने ते दुरुस्त केलं. मी खिडकीला टेकून ऐकत होते. ही पोरं असा विचार करतात हे मला ठाऊकच नव्हतं. कुठून ठाऊक असणार? मध्ये जागा मी सोडली होती कुठे?

दुसऱ्या दिवशी मी चूक मुद्दाम केली. तिसऱ्या दिवशी दोन केल्या, एक ठळक आणि एक लपवलेली. मग ती रीतच पडली. मी फळ्यावर उदाहरण चुकवायचं, खडू पुढे धरायचा, आणि बाजूला व्हायचं. वर्ग शिकाऱ्यासारखा तुटून पडायचा. लपवलेली चूक बहुतेक वेळा गोगलगायीलाच सापडे, कारण बाकीचे धावत आणि ती प्रत्येक ओळीवर थांबे. उठताना ती आता कोणाकडे बघतही नसे.

एका संध्याकाळी शाळेच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की आपण थकलेलो नाही. मला आनंद झाला होता. हा शब्द लिहिताना मला संकोच वाटतो, कारण सुखाच्या सरांनी तो पार बाटवून ठेवला होता. पण दुसरा शब्द नाही.

असलं काही लपून राहत नाही. मोठ्या बाई आणि सुखाचे सर एकदा वर्गावरून चालले होते. आत बाई गप्प, पोरं फळ्याशी भांडतायत, आणि विषय चक्क गणित. सुखाचे सर दारातच हात जोडून उभे राहिले.

"हेच," ते पुटपुटले. "हेच मी सांगत होतो. अंतर्मौन!"

रोगाचा त्यांनी सिद्धान्त केला. पुढच्या सोमवारपासून साऱ्या शाळेत रोज एक 'मौनाचा तास' सुरू झाला. शिक्षकाने बोलायचं नाही. का, ते कोणाला माहीत नाही. भाषेचे सर कवितेच्या तासाला ओठ मिटून बसले आणि पोरांनी कविता आपापल्या चालीत हाणली. खेळाच्या सरांना शिट्टीही मना झाली. त्यांनी मैदानावर इतके हातवारे केले की पलीकडच्या घरातल्या आजींनी मदतीला माणूस धाडला. घसा माझा धरला आणि काढा सगळ्यांना पाजला. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कोणी बोलेना. तसंही मला उत्तर देता येत नव्हतं, पण अबोला आणि मौन यातला फरक कळतो माणसाला.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. पडद्यावर त्या दोन पट्ट्या स्वच्छ होत्या.

"'आ' म्हणा," ते म्हणाले.

मी म्हटलं. माझाच आवाज, जुना, खणखणीत. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले, चांगला आवाज करून. "बोला आता खुशाल," ते म्हणाले. "फक्त ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "नमस्कार, मी बरी झाले."

त्यांचा चेहरा पडला. उठून त्यांनी आधी दार लावलं.

"हळू! कोणी ऐकेल," त्या म्हणाल्या. "अहो, पुढच्या आठवड्यात पाच शाळांचे लोक येतायत तुमचा मौनाचा तास बघायला. संस्थेचे अध्यक्ष येतायत. आणि तुम्ही आत्ताच बऱ्या झालात?"

"मुद्दाम नाही झाले," मी म्हटलं.

"तेवढा एक कार्यक्रम गप्प राहा. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, तुम्हाला माहितीये. अध्यक्षांना मी तुमचंच नाव सांगितलंय." मग त्या जरा मऊ झाल्या. "आणि खरं सांगू का? इतकी वर्षं बोलून तुम्ही काय मिळवलंत? गप्प बसलात तर नाव झालं."

आजारी होते तेव्हा रजा नाही, आणि बरी झाले तर बोलायची बंदी! मी त्या खोलीतून बाहेर पडले ती ठरवूनच. पर्यवेक्षकाची जागा गेली खड्ड्यात. हा गळा मी नळ सोडून मुक्याने रडून परत मिळवला होता. तो यांच्या फलकावर चिमट्यासारखा लटकवायला नव्हता. पाहुण्यांच्या देखत मी बोलणार होते.

कार्यक्रमाच्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीला खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष, पाच शाळांचे मुख्याध्यापक, मोठ्या बाई, आणि सर्वांच्या मधे डोळे अर्धवट मिटून सुखाचे सर. पोरं नव्या गणवेशात ताठ बसली होती. मी आत आले, रोजच्यासारखी न बोलता फळ्याशी गेले, उदाहरण घातलं आणि तिसऱ्या ओळीत चूक लपवली. मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडलेला मला पाठमोरी असूनही दिसला.

मग मी वळले आणि म्हटलं, "मंडळी, आज आपल्याकडे पाहुणे आलेत. मौन बघायला आलेत. मौन बघायला इतक्या लांबून यावं लागतं, यावरून त्यांच्या शाळांत किती बडबड असेल ते ओळखा."

पोरं फुटली. मागे अध्यक्षांनी मान मागे टाकून हसायला सुरुवात केली, म्हणून पाच मुख्याध्यापकही हसले. मोठ्या बाई आधी लाल झाल्या आणि मग अध्यक्षांकडे बघून हिरव्या. मला काय वाटलं सांगू? दाबून ठेवलेली सगळी वाक्यं एकदम वर आली. इतके दिवस गिळलेला एकेक मूग मला आठवत होता.

त्याच वेळी खिडकीशी ती उठली होती. तिला चूक सापडली होती. रोजच्या रीतीने ती फळ्याकडे निघाली होती, एकेक पाऊल, नजर तिसऱ्या ओळीवर.

"अरे वा!" मी म्हटलं. "आमची गोगलगाय निघाली. या, या, शाळा सुटायच्या आत पोचलात तर बरं!"

वर्ग हसला, पाहुणे हसले. ती दोन बाकांच्या मधे थांबली. मग वळली आणि जागेवर जाऊन बसली, येताना लागला त्याच्या निम्म्या वेळात.

मला ते दिसलं, पण मी वाहत चालले होते. झोपाळू महाराजांना मी जागं केलं, वर्तमानपत्राला आजची ताजी खबर विचारली, कंसांवरून संस्थांवर घसरले आणि संस्थांवरून सुखावर. असा तास मी आयुष्यात घेतला नव्हता. गळा तेलपाणी केल्यासारखा चालत होता. एकदाही अडखळले नाही, एकदाही ओरडले नाही. शेवटी अध्यक्ष उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. सुखाचे सर त्यांच्या कानात म्हणाले, मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "मौनातून आवाज असा फुलतो. ही पुढची पायरी." माझं बंडसुद्धा त्यांनी हिरव्या चिमट्यात पकडलं. मोठ्या बाई पुढे झाल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पर्यवेक्षक बाई!"

पाहुणे चहाला गेले. मी बाकांमधून फिरले. नवे गणवेश घातलेली पोरं मान खाली घालून लिहीत होती. एकेक वही बघत गेले. सुरेख अक्षर, समास सोडलेला, उत्तराखाली पट्टीने मारलेली रेघ. तिसरी ओळ सगळ्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. झोपाळू महाराजाने, वर्तमानपत्राने, सगळ्यांनी. बाई बोलत होत्या ना, मग फळ्यावरचं उतरवून घ्यायचं.

खिडकीशी पोचले. तिची वही कोरी होती. पेन्सिल बाजूला ठेवून ती फळ्याकडे बघत होती, बरोबर तिसऱ्या ओळीकडे.

मी खडू पुढे धरला. तिने हात मांडीवरच ठेवले.

"काय चुकलंय तिथे?" मी विचारलं. माझा आवाज चांगला स्वच्छ निघाला.

ती चटकन उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल उचलली.

"काही नाही, बाई," ती म्हणाली, आणि खाली बसून तीही उतरवून घेऊ लागली.